शरदातील खाडीकाठ आणि एक हरवलेली वही



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ बोलण्यासाठी उभे राहताना मनावर दडपण आले आहे. गुरुजी भूगोल शिकवीत. परंतु त्यांचा अर्धा भूगोल फळ्यावर आणि अर्धा खाडीच्या काठावर असे. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एखादा व्यापक विषय न घेता, त्यांनी आम्हांला दाखवलेल्या एका वाटेवरून आपणांस पायी घेऊन जाण्याचे योजिले आहे. ही वाट आश्विन महिन्यातील आहे आणि ती शापोरा नदीच्या उत्तर तीराने, आगरवाड्याहून चोपड्यामार्गे मोरजीच्या टेंबाकडे जाते. वाटेच्या अखेरीस मला एक कबुलीही द्यावयाची आहे.

प्रथम स्थळाविषयी. आपला पेडणे महाल दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा. दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि अरबी समुद्राला मिळण्यापूर्वी रुंद, संथ व खाऱ्या होतात. शापोरा, जिला पुष्कळ जण कोलवाळची नदी म्हणतात, ती दोडामार्गाकडून उतरते, डिचोली तालुक्यातील साळ गावाला स्पर्श करते आणि मग पेडणे व बार्देश यांच्या मधून वाहत मोरजीजवळ समुद्राला मिळते. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे दिवसातून दोनदा एकमेकांत मिसळते, तो हा प्रदेश. डोंगरावरून आलेला गाळ येथे पाण्याचा वेग मंदावताच तळाशी बसतो. त्याच गाळाची पुढे चिखलवटे होतात, त्यांत खारफुटी रुजते. आपल्या पूर्वजांनी या दलदलीचा काही भाग बांध घालून आणि मानशींची दारे बसवून खाजन शेतीखाली आणला, काही भागावर मिठागरे केली. आगरवाडा हे नावच त्याची साक्ष देते.

या उघड्या चिखलाकडे आपण सहसा आदराने पाहत नाही. शेत म्हटले की पीक दिसते, मिठागर म्हटले की मीठ दिसते. चिखल म्हटला की काहीच दिसत नाही. सरकारी दप्तरांतही अशा जागेला बहुधा ‘पडीक’ हेच विशेषण लाभते. गुरुजींचे म्हणणे निराळे होते. ते म्हणत, जागा पडीक नाही, तुमची येण्याची वेळ चुकली आहे.

वेळेचे हे गणित समजावून घेणे आवश्यक आहे, कारण खाडीकाठचे पक्षी घड्याळापेक्षा चंद्राप्रमाणे वागतात. भरती-ओहोटी मुख्यत्वे चंद्राच्या आकर्षणाने होते आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीची वेळही रोज तेवढीच पुढे सरकते. कोकणपट्टीतील दर्यावर्दी लोकांनी यावरून एक सोपा आडाखा बांधला होता : पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे रात्री व दुपारी सव्वादोनच्या सुमारास पाणी चढलेले असणार आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी उतरलेले असणार. हा नियम ढोबळ आहे. बंदरागणिक त्यात फरक पडतो आणि आजकाल भरतीची छापील कोष्टके सहज मिळतात. तरीही एखादा मुलगा पंचांग पाहून खाडीवर कधी जावे हे सांगू शकतो, याचे गुरुजींना फार कौतुक वाटे.

पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत येते, तेव्हा उधाण येते. पाणी जितके अधिक चढते, तितकेच अधिक उतरते आणि चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची ये-जा बेताची असते. म्हणून आम्ही कोजागरीनंतरची वद्य तृतीया निवडत असू. उधाणाचा जोर अद्याप ओसरलेला नसे आणि ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास पुरी होई. गेल्या आश्विनातही मी हीच तिथी धरली.

सूर्योदयाच्या सुमारास आगरवाड्याच्या बांधावर पोहोचलो. पाऊस नुकताच सरला होता. मिठागरांत अद्याप पावसाचे पाणी होते, कारण मिठाचा हंगाम पौष-माघाच्या सुमारास सुरू होतो. बांधावरच पहिला पाहुणा भेटला : पांढरा धोबी. शेपटी सतत खाली-वर आपटण्याच्या सवयीवरून, धोपटण्याने कपडे बडवणाऱ्या धोब्याचे नाव त्याला मिळाले आहे. हा पक्षी उन्हाळ्यात हिमालयात आणि त्याही उत्तरेस घरटी करतो आणि पावसाळा संपता संपता आपल्याकडे उतरतो. आमच्या वर्गाच्या दृष्टीने ऋतू बदलल्याची खरी वर्दी हाच पक्षी देई. ज्याला तो वर्षातून प्रथम दिसेल, त्याने तारीख, वेळ व जागा सांगावी आणि गुरुजींनी ती वहीत टिपावी, असा प्रघात होता.

पुढे चोपड्याच्या बाजूस पाणी झपाट्याने ओसरत होते. चिखलात गुडघाभर उतरून काही स्त्रिया तिसऱ्या आणि खुबे काढीत होत्या. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर पक्षी चरत होते. दोघांचेही काम एकाच वेळी सुरू झाले होते आणि पाणी चढताच एकाच वेळी थांबणार होते. मी एका वयोवृद्ध बाईंना विचारले, ‘‘मावशी, सुकती अजून किती वेळ?’’ त्यांनी मान वर न करता सांगितले, ‘‘ती पाखरं बांधाकडं सरकू लागली की समजायचं, पाणी फिरलं.’’ माझ्या खिशातील कोष्टकापेक्षा हे उत्तर अधिक उपयोगाचे ठरले.

आता या चिखलात असते तरी काय? वरवर पाहता काही नाही. परंतु त्याच्या आत किडे, कृमी, बारीक शंख-शिंपले, लहान खेकडे यांची दाट वस्ती असते. पानाफुलांचा, खारफुटीच्या गळलेल्या पानांचा कुजलेला अंश भरतीबरोबर पसरतो आणि त्यावर हे जीव पोसले जातात. पक्ष्यांची गर्दी एकाच जागी असूनही त्यांच्यात फारसे भांडण होत नाही, याचे कारण त्यांच्या चोचींत आहे. आखूड चोचीचा चिखल्या डोळ्यांवर विसंबतो : चार पावले धावतो, थबकतो, पृष्ठभागावर हालचाल दिसली की टिपतो. मध्यम चोचीचा, लाल पायांचा टिलवा चिखलात बोटभर खोल शोध घेतो. लांब, खाली वळलेल्या चोचीचा कोरल अगदी खोल बिळातील खेकडा व कृमी ओढून काढतो. उथळ पाण्यात बगळे उभे असतात आणि पाण्याच्या कडेने तुतवार मागचा भाग सारखा हलवीत एकटाच फिरत असतो. एकाच केळीच्या पानावर लोणच्यापासून भातापर्यंत प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते, तशी येथे प्रत्येक जातीची खोली ठरलेली आहे. म्हणूनच चिखलाचा एखादा थर जरी नाहीसा झाला, भरावाने बुजला किंवा कचऱ्याने माखला, तरी त्या खोलीवर जगणारी जात उपाशी राहते. तिला दुसऱ्या पंगतीत बसता येत नाही.

हे पक्षी येतात कोठून, हा प्रश्न माणसाला फार प्राचीन काळापासून पडला आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने काही पक्षी थंडीत बिळांत दडून राहतात, असे लिहून ठेवले आणि पुढे शतकानुशतके युरोपात तो समज टिकला. इ.स. १८२२ मध्ये जर्मनीत एक करकोचा सापडला, त्याच्या मानेत आफ्रिकेतील भाला आरपार रुतलेला होता. पक्षी किती दूर जाऊन परत येतात, याचा तो एक मूक पुरावा ठरला. १८९९ मध्ये डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने पक्ष्यांच्या पायांत क्रमांक असलेली कडी घालण्यास आरंभ केला. शिक्षकाने, हे मी मुद्दाम सांगतो. आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ नंतरच्या काळात डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर केले.

या अभ्यासांतून आपल्या खाडीवरील पाहुण्यांची घरे कळू लागली. मोरजीच्या वाळूवर हिवाळ्यात दिसणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांच्या काठी अंडी घालतो. नाव तपकिरी डोक्याचे असले तरी आपल्याकडे तो पुष्कळदा पांढऱ्या डोक्याचा दिसतो. त्याची विणीच्या काळातील टोपी झडून कानामागे केवळ एक काळसर ठिपका उरलेला असतो. नवशिके निरीक्षक येथेच गोंधळतात. लहान वाळूचिखल्याही त्याच उंच पठारांवर वीण करतो. तेथील जमीन आणि तळी हिवाळ्यात गोठतात, कीटक नाहीसे होतात. उलट उन्हाळ्यात दिवस मोठा आणि अन्न विपुल असते. म्हणून पिलांसाठी तो प्रदेश आणि स्वतःच्या निर्वाहासाठी आपला चिखल, अशी या पक्ष्यांनी वर्षाची वाटणी केली आहे. दोहोंपैकी एक घर मोडले, तर दुसरे कितीही सुरक्षित राहून उपयोग नाही.

त्यांच्या सामर्थ्याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतो. चिखलात चोच खुपसून चरणाऱ्या मळगुजांपैकी पट्टेरी शेपटीच्या एका पक्ष्याने २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्काहून ऑस्ट्रेलियातील टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कोठेही न उतरता पार केले. त्याच्या अंगावरील लहानशा यंत्राने ही वाट टिपली. विशेष म्हणजे तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. या कुळातील अनेक जातींत आईबाप आधी निघून जातात आणि पिले मागाहून, वाटाड्याशिवाय निघतात. पूर्वी कधीही न पाहिलेल्या किनाऱ्याची दिशा त्यांच्या रक्तातच असते.

आता आपण मोरजीच्या टेंबावर येऊ. ओहोटी सरून पाणी चढू लागले की चिखल हळूहळू बुडतो आणि सर्व पक्षी मागे मागे सरकत नदीच्या मुखावरील वाळूच्या दांड्यावर गोळा होतात. कुरव, सुरय, चिखल्ये वाऱ्याकडे तोंड करून दाटीने बसतात. बरेचसे एका पायावर उभे राहून डोळे मिटतात. वर ब्राह्मणी घार फिरत असते. दैव बरे असेल तर कैकर नदीवर झेप घेताना दिसतो. त्याच्या पायाचे बाहेरचे बोट मागे वळू शकते आणि तळव्यांवर काटे असतात, त्यामुळे निसटता मासाही त्याच्या पकडीतून सुटत नाही. याच किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात, हे आपण सर्व जाणताच.

शाळेत असताना याच दांड्यावर माझ्या हातून एक चूक घडली. समोर एवढा मोठा थवा बसलेला पाहून आम्ही तिघे-चौघे ओरडत त्याच्या अंगावर धावलो. सारे आकाश पंखांनी भरून गेले. आम्हांला तो विजय वाटला. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मनगटावरील घड्याळ काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘‘शेवटचा पक्षी पुन्हा बसेपर्यंत मिनिटे मोज.’’ थवा नदीवर घिरट्या घालीत राहिला, उतरू लागला, पुन्हा बिचकला. मी सतरा मिनिटे मोजली. मग त्यांनी सांगितले की ही झोप आहे, खेळ नव्हे. रात्रभर चाललेल्या पाहुण्याला आपण ओसरीवर निजू देतो. त्याला सतरा मिनिटे अंगणात पळवीत नाही. मला त्या दिवशी शरम वाटली. ती आजही उतरलेली नाही.

गुरुजींच्या त्या वाक्यामागील शास्त्र सोपे आहे. शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाच्या पक्ष्याजवळ शक्तीचा साठा थोडा. ओहोटीत मिळवलेले अन्न त्याने भरतीच्या वेळी विश्रांती घेऊन पचवावयाचे आणि उन्हाळ्याआधीच्या परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवावयाची, असा त्याचा हिशेब असतो. प्रत्येक अनावश्यक उड्डाण या साठ्यातून वजा होते. आज दांड्यावर केवळ खोडकर मुले धावत नाहीत. मोकाट कुत्री आहेत, वेगाने जाणाऱ्या नौका आहेत, पर्यटकांची वर्दळ आहे. पर्यटनावर अनेक घरांची चूल पेटते, हे मी विसरलेलो नाही. भरतीच्या दोन-तीन तासांत दांड्याचे टोक तेवढे मोकळे सोडावे, कुत्री आवरावीत, नौका थोड्या अंतरावरून न्याव्यात, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. मात्र असे काही मागावयाचे तर समोरचा माणूस रास्तपणे विचारील : पूर्वी पक्षी किती होते आणि आता किती आहेत?

येथे मी माझ्या कबुलीकडे येतो. हाच प्रश्न मला काही वर्षांपूर्वी एका तरुण अभ्यासकाने विचारला. ‘‘तुमच्या लहानपणापेक्षा पक्षी कमी झाले का?’’ मी तत्काळ म्हणालो, ‘‘फार कमी झाले.’’ त्याने विनयाने विचारले, ‘‘किती?’’ मी निरुत्तर झालो. वास्तविक उत्तर माझ्याजवळ असावयास हवे होते. निवृत्त होताना गुरुजींनी आपल्या नोंदींची वही माझ्या स्वाधीन केली होती. प्रत्येक शरदातील पहिला धोबी, वद्य तृतीयेची मोजणी, वारा, पाणी, सोबत कोण होते, सारे तीत होते. मी ती घरातील लाकडी पेटीत आदराने ठेवली आणि नोकरीनिमित्त परगावी गेलो. परत येऊन पेटी उघडली तेव्हा वाळवीने आपले काम संपवले होते. पुठ्ठा आणि काही पानांच्या कडा हाती आल्या. मी वहीचा आदर केला, परंतु तिची एक प्रत करण्याचे कष्ट घेतले नाहीत.

त्यानंतर मला उमगले की ‘पूर्वी फार होते’ हे वाक्य किती दुबळे आहे. बालपणीची प्रत्येक गोष्ट मोठी भासते. नदी रुंद, डोंगर उंच आणि थवे अफाट. आठवण खरी असते, पण ती पुरावा नसते. पक्ष्याच्या पिलाला किनाऱ्याची दिशा रक्तातून मिळते; माणसाच्या पोराला मागील पिढीचा आकडा केवळ कागदातूनच मिळतो. कागद गेला की प्रत्येक पिढी आपण पाहिले तेवढेच पूर्ण समजते आणि उणे झालेले कोणाला उणे वाटतच नाही.

नोंदींचे बळ किती, हेही सांगतो. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यासाठी कोणी मोठी फौज नेमली नव्हती. सुमारे ३०,००० हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून ९४२ जातींचा विचार करण्यात आला. त्यांपैकी केवळ ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला आणि त्यांतील २०४ जाती घटलेल्या आढळल्या. उरलेल्या जातींविषयी पुरेशा जुन्या नोंदीच नव्हत्या. त्या न सांगता आलेल्या भागात माझी वाळवीने खाल्लेली वहीही आहे, असे मला वाटते.

म्हणून शाळेपुढे एक विनंती ठेवतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. महाराष्ट्रात या दोन दिवसांमधील आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आपणही त्या आठवड्यात शाळेची एक वही सुरू करावी. तारीख, तिथी, वेळ, पाणी चढते की उतरते, जागा, पक्षी, संख्या आणि मोजणाऱ्याचे नाव, एवढे रकाने पुरेत. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. काहीच दिसले नाही तर ‘शून्य’ लिहावे, कारण शून्य हीसुद्धा नोंदच होय. पेडण्याच्या मुलांनी मोरजी किंवा केरीचा काठ घ्यावा, डिचोलीकडील मुलांनी मयेचे तळे घ्यावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी रायबंदरहून तरीने चोडणला जाऊन डॉ. सलीम अलींच्या नावाचे, १९८८ पासूनचे खारफुटीतील अभयारण्य एकदा पाहून यावे. आणि दर वर्षाअखेरीस वहीच्या दोन प्रती काढाव्यात : एक शाळेत, एक शाळेबाहेर. माझ्यासारख्या एकाच माणसाच्या आदरावर विसंबून राहू नये.

गेल्या तृतीयेस मी दांड्यावर एकटाच बसून मोजणी केली आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. तिची एक प्रत आज मुख्याध्यापकांच्या हाती देत आहे. पन्नास वर्षांनी या सभागृहात उभ्या राहणाऱ्या वक्त्याला कोणी ‘किती?’ असे विचारले, तर त्याला माझ्यासारखे गप्प बसावे लागू नये, एवढीच इच्छा.

 गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.